कामठीच्या अलीकडे

सिंगापूर ते लंडन दहा हजार आठशे ऐंशी किलोमीटर,
वेळ चौदा तास, वाऱ्यावर थोडं मागेपुढे.
सुगतने फोनवर सांगितलं
तेव्हा बाबांनी ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं
आणि विचारलं, "मधात कुठं थांबते?"
"कुठंच नाही, बाबा."
"पानी भराले बी नाई?"

बाबा तीस वर्षं आरएमएसला होते.
धावत्या डब्यात उभ्याने पत्रं लावायची,
पाय फाकवून, रूळ बदलले की गुडघे सैल सोडून.
अजूनही किचनमध्ये ते तसेच उभे राहतात.
त्यांना अंतर स्टेशनांनी कळतं:
सिंदी, सेवाग्राम, वर्धा, पुलगाव, धामणगाव,
प्रत्येकाचं एक खानं, एक थैला.
ज्या वाटेवर एकही थैला उतरत नाही
ती त्यांच्या हिशेबात बसेना.

म्हणून मी सांगून टाकलं
की ते विमान आपल्यावरूनच जातं.
मानेवाड्यावरून. आपल्या टाकीवरून म्हणा.
सव्वानऊला तिकडून सुटतं, आपल्या घड्याळात,
रात्री दीडच्या सुमारास इथं.
चार मिनिटं दिसतं, मग गोरेवाड्याकडे पुसट होतं.

घरी यायचं तर वेगळं.
आधी मुंबई, मुंबईत सात तास बाकड्यावर,
मग दीड तासाचं सोनेगाव, मग ऑटो.
तेवढ्या वेळात तो लंडनला पोचून
युनिफॉर्म काढून झोपलेलाही असतो.

"उंची किती?" बाबा.
"अकरा किलोमीटर."
ते बराच वेळ गप्प. मग,
"कामठी सोळा. मंग हा तं
कामठीच्याही अलीकडे झाला."
आणि थोड्या वेळाने,
"सायकलनं पाऊण तास."

मे महिना. गादी गच्चीवरच होती,
खाली कूलर नुसता गरम वारा फेकत होता.
एक वाजताच त्यांनी मला उठवलं.
बनियनवर शर्ट घातला होता, बटणं लावून,
केस ओले करून विंचरलेले.
मी म्हटलं नाही, की तो खिडकीत नसेल,
मागच्या गॅलीत दोनशे माणसांची
ताटं मोजत असेल.

एक वाजून एकतीस.
फोनवर पिवळं विमान
अचानक डावीकडे वळलं.
पूर्वेला, भंडाऱ्यापलीकडे, वीज चमकत होती बिनआवाजाची.
त्याने ढग टाळला, बुटीबोरीच्याही खालून,
वर्ध्याच्या अंगाने निघून गेला.
सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे एक थैला पुढे.

आणि नेमकं त्याच वेळी
दुसरंच एक विमान आमच्या टाकीवर आलं,
कुणाचं, कुठून कुठे, मी पाहिलं नाही.
बाबा उठून उभे राहिले, पाय फाकवून.
हात वर केला, हलवला नाही.
गाडी सुटताना गार्ड दिवा धरतो,
तसा नुसता धरून ठेवला.

"त्यानं लाइट बारीक केला, पायलं का?"
"हो," मी म्हटलं.
"दोनदा."
"हो, दोनदा."

मग ते लगेच झोपले, शर्टासकट.
मी जागीच. शेजारच्या गच्चीवर
मडावींचं बाळ रडून शांत झालं,
वर्धा रोडवर ट्रकने गिअर बदलला,
आणि वरून आणखी तीन गेली,
एकमेकांमागे, ठरल्यासारखं अंतर ठेवून.

सकाळी साडेअकराला मेसेज आला.
"पोचलो. काल जरा वळसा पडला, वेदर होतं.
नागपूर दिसलं नाही. बाबा जागे होते का?"

बाबा खाली अंगणात
जुन्या सायकलच्या चेनला तेल घालत होते.
दोन वर्षांपासून तिला ट्यूब नाही.

मी लिहिलं, "झोपले होते."